पेट्रोलच्या टाकीचं झाकण

दिनांक ६ मार्च २००६ रोजी अय्युब मिस्त्रींचं एक हजार आठशे पासष्ट रुपये पन्नास पैशांचं बिल माझ्या टेबलावर आलं. संस्थेच्या अँबॅसिडरचं ते चार महिन्यांतलं तिसरं बिल. पहिल्या वेळी त्यांनी प्लग आणि पॉइंट बदलले होते, दुसऱ्या वेळी कार्बोरेटर खोलून साफ केला होता आणि या वेळी इंजिनाखालची रबरी माउंटिंग नवी टाकली होती. तिन्ही वेळा जुने भाग पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून आणि वर गाडीच्या नंबरची व तारखेची चिठ्ठी लावून त्यांनी जमा केले होते. कागदात कुठेही खोट नव्हती. गाडी मात्र तशीच होती. अॅक्सिलरेटर दाबला की झटके द्यायची आणि बोनेटपासून डिकीपर्यंत थरथरायची.

कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या, बाळापूरच्या आमच्या सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेत मी तेव्हा अकाउंटंट होतो. अजूनही आहे, येत्या जूनअखेर निवृत्त होईन. चार्ज देण्यासाठी याद्या करताना त्या वर्षाची फाईल पुन्हा हाती आली. मिस्त्रींबद्दल लिहून ठेवावं असं तेव्हा वाटलं, कारण आमच्या कागदपत्रांत त्यांच्याविषयी जे आहे त्यावरून तो माणूस कळणार नाही.

त्यांचे वडील आमच्याच जिनात ऑइल इंजिनावर होते. त्या इंजिनाशेजारी डबा खात, ऊब घेत अय्युब मोठे झाले. उर्दू शाळेत आठवीपर्यंत शिकले, अकोल्याच्या एका गॅरेजात नऊ वर्षं राबले आणि १९७९ साली अकोला रस्त्यावर त्यांनी स्वतःचं टिनाचं शेड टाकलं. मराठी लिहायला ते जिनातल्या एका जुन्या कारकुनाकडून शिकले होते. म्हणून त्यांच्या बिलावरचं अक्षर आमच्या ऑफिसातल्या दोघा-तिघांपेक्षा चांगलं असायचं.

गाडी आली की ते आधी बोनेट उघडत नसत. गाडीवाल्याला लाकडी स्टुलावर बसवत आणि विचारत, "सांगा, काय म्हणते?" मग तो माणूस सांगेल ते सगळं ऐकून घेत. कधीपासून, कुठल्या रस्त्यावर, सकाळी की दुपारी, गाडीत माणसं किती होती. काही लोकांना त्याचा कंटाळा यायचा. एका ट्रॅक्टरवाल्याला मी तिथे वैतागून म्हणताना ऐकलं आहे, "मिस्त्री, पान्हा घ्या हातात, सोयरीक कराची नाई आपल्याले."

"सोयरीकीत बी इतकं विचारत नाई मी," मिस्त्री म्हणाले होते. "तिथं फसलं तं सासू शिव्या देते. इथं तू देशील."

संस्थेच्या गाड्यांबाबत मात्र हे विचारणं बंद झालेलं होतं, आणि ते मी बंद केलं होतं. ड्रायव्हर गॅरेजात तासन्‌तास बसून राहतात म्हणून मी नियम केला. गाडीसोबत लेखी चिठ्ठी द्यायची, ड्रायव्हरनं गाडी सोडून लगेच ऑफिसात परत यायचं. दुसरा नियम माझ्या आधीपासूनचा होता, पण मी तो कसोशीनं पाळत असे. जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मंजूर नाही. या दुसऱ्या नियमामुळे माझं आणि मिस्त्रींचं चांगलं जमलं. जुना भाग गायब होण्याचा प्रकार त्यांच्याकडे सव्वीस वर्षांत एकदाही घडला नाही.

ती वर्षं आमच्या भागाला वाईट होती. कापूस थेट व्यापाऱ्याकडे जाऊ लागला होता आणि त्या हंगामात आमचं जिन जेमतेम बावीस दिवस चाललं. संस्थेनं दोन ट्रक विकले. गावातल्या ज्यांच्याकडे जीप होत्या त्यांनी त्या विकल्या किंवा विटा लावून उभ्या केल्या. मिस्त्रींच्या शेडसमोर पूर्वी गाड्यांच्या दोन रांगा असत, तिथे आता एखादी मोटरसायकल दिसे. त्यांच्याकडचे दोन्ही कामगार काम शोधायला बाहेर निघून गेले. संस्थेची अँबॅसिडर, एक जीप आणि जिनातलं किरकोळ काम, एवढंच खात्रीचं गिऱ्हाईक त्यांना उरलं होतं.

आणि तेच जायची वेळ आली. आमचे अध्यक्ष खुशालराव अमरावतीच्या बैठकीहून ७ मार्चला परत आले ते तडक माझ्या टेबलापाशी.

"गाडी हाय का चाळणी हाय हो? बसलं का हलवून काढते! मुर्तिजापूरपासून माह्या पोटातलं पाणी ठिकाणावर नाई. अन् तुमी बिलं देऊन राह्यले!"

मी तिन्ही बिलं दाखवली.

"हे बिलं गाडीले दाखवा," ते म्हणाले. "रविवारच्या कमिटीत विषय घ्या. गाडी अमरावतीच्या मोठ्या वर्कशॉपमंदी धाडा अन् मिस्त्रीचं नाव आपल्या यादीतून खोडा. बुढा झाला तो आता."

मिस्त्री तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते, खुशालराव एकसष्ट.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री ऑफिसात आले. दाराशी चपला काढून माझ्या टेबलासमोर उभे राहिले. खुर्चीवर ते कधी बसत नसत. कपड्यांचं काळं लागतं म्हणत.

"साहेब, माहं नाव खोडून राह्यले म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"बाळापुरात सांगा लागत नाई. नाव गेलं तं काम जाईन, ते तं हायेच. पण गावात म्हणतीन, अय्युबले गाडी समजली नाई. मंग मोटरसायकलवाला बी येत नाई. मले एक दिवस द्या. गाडी द्या, नत्थुजीले द्या, अन् तुमी बी चला."

"मी कशाला?"

"पेट्रोलच्या पावतीवर तुमची सही लागते ना? रस्त्यात कुठं शोधू मी तुमाले?"

गुरुवारी, ९ मार्चला, आम्ही तिघं निघालो. नत्थुजी आमचे ड्रायव्हर. उंच, काटकुळे, बावीस वर्षांत गाडीला ओरखडा लागू दिला नाही असा माणूस. मी त्यांच्या शेजारी बसलो. मिस्त्रींनी मागच्या सीटवर बसून चपला काढल्या, दोन्ही तळपाय गाडीच्या पत्र्यावर टेकवले आणि डोळे मिटले.

"झोपले काय, मिस्त्री?" नत्थुजींनी आरशातून विचारलं.

"ते बोलून राह्यली. तू चूप राय."

अकोल्यापर्यंत काही झालं नाही. बोरगाव मंजू मागे पडलं, पुढे एक लांबलचक चढ लागला, नत्थुजींनी पाय दाबला आणि गाडीनं पहिला झटका दिला. मग दुसरा. काचा खडखडू लागल्या. माझ्या हातातली पावतीची वही खाली पडली.

"पाय काढ," मागून मिस्त्री म्हणाले. गाडी शांत झाली. "दाब." पुन्हा झटके. "काढ. आता हळू हळू दाब." हळू दाबल्यावर ती कशीबशी गेली. थोडं जोरात दाबलं की पुन्हा तेच.

"कधीपासून असं?"

"दिवाळीपासून," नत्थुजी म्हणाले. "अकोल्यापर्यंत शानी असते. बोरगाव सोडलं का अंगात येते तिच्या."

मिस्त्रींनी डोळे उघडले. "हे मले काहून नाई सांगतलं कोणी? मी तं पुलापर्यंत नेऊन पाहत होतो अन् वापस आणत होतो. तिथं ते गाय होती."

"मी कधी थांबलो तुमच्याकडं? गाडी टाका अन् वापस या, हुकूमच हाय तसा."

दोघांपैकी कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी वही उचलून घेतली. तिन्ही चिठ्ठ्यांवर मी एकच ओळ लिहिली होती : 'गाडी झटके देते, दुरुस्त करावी.'

मुर्तिजापूरला चहासाठी थांबलो. मिस्त्रींनी मुद्दाम दुसरा कप मागवला आणि बशीत ओतून सावकाश प्यायले. पंधरा-वीस मिनिटं गेली. पुन्हा निघाल्यावर नत्थुजींनी पाय दाबला, तर गाडी लोण्यासारखी पुढे गेली. दहा-बारा किलोमीटरनंतर झटके परत आले.

"थांबव," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. "साहेब, प्लग खराब असता तं चा पिऊन बरा झाला असता का? कार्बोरेटर? माउंटिंग? हिले चा पाजला का बरं वाटते. म्हंजे इंजिन बिमार नाईच. इंजिनाले खायले कमी पडून राह्यलं. पुढं काई तरी येऊन अडकते, उभं राह्यलं का खाली बसते."

हे ओळखायला त्यांनी एक पिशवी घरूनच भरून आणली होती. म्हणजे थोडी शंका आधीपासून असणार. तीत पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा आणि रबरी नळी होती. मुर्तिजापूरला परतून डबा भरला, मी पावतीवर सही केली. मिस्त्रींनी टाकीकडून येणारी नळी इंजिनाजवळच्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपापासून सोडवली, तिच्या तोंडात बोल्ट घातला आणि तिच्या जागी डब्याची नळी जोडली. मग मला मागे पाठवून ते स्वतः पुढे बसले. डबा मांडीवर, नळी खिडकीतून बाहेर काढून बोनेटखाली. टाकीऐवजी डब्यातल्या पेट्रोलवर त्यांनी गाडी परतीच्या रस्त्याला लावली. "नत्थुजी, बिडी काढशील तं आपण तिघंबी आजच जाऊ," एवढंच बोलले.

रेल्वे फाटकात शेजारच्या ट्रकवाल्यानं वाकून पाहिलं. "काय बे, हातभट्टी नेऊन राह्यले काय?"

"ऑक्सिजन लावला मोटरले!" नत्थुजी ओरडले.

मुर्तिजापूर ते अकोला गाडीनं एकही झटका दिला नाही. बोरगावच्या आसपासच्या चढांवर मिस्त्री दर वेळी "दाब, अजून दाब" म्हणत होते. अकोल्यात पोचलो तेव्हा डब्यात बोटभर पेट्रोल उरलं होतं आणि नळी धरून धरून त्यांच्या बोटांना वळ उठले होते. त्यांनी टाकीची नळी परत जोडली आणि म्हणाले, "टाकीत हाय. घरी चला."

दुपारी शेडमध्ये त्यांनी टाकी रिकामी केली. पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. ती बाहेर आली तेव्हा तिच्यावर करड्या रंगाची, दाबलेल्या लोकरीसारखी जाड टोपी बसली होती. मिस्त्रींनी ती बोटांनी उलटसुलट केली. "फडकं सडलं काय आतमंदी?"

शेडच्या मागेच त्यांचं घर. त्यांच्या पत्नी हलीमाबी पाणी घेऊन आल्या होत्या. त्या पिंजाऱ्याच्या घरातल्या. माहेरी वडिलांसोबत गाद्या भरण्याचं काम केलेल्या. त्यांनी त्या गोळ्यातला चिमूटभर भाग ओढून पाहिला.

"ये कपडा नै जी, रुई है," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "अन् भाऊसाहेब, हे तुमच्या जिनातली हाय. हे पाहा, सरकीची साल. गादीतली रुई अशी नसते."

मिस्त्री त्या लाकडी स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या जागी, बसले.

"पहिल्याच खेपेला पंपाच्या वाटीत दोन तंतू भेटले होते मले," ते म्हणाले. "दुसऱ्या खेपेला बी. मी पुसून टाकले."

बाळापूरच्या बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण आमच्याकडे हंगामात रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, विजेच्या तारांवर असते, भुवयांवर असते, चहाच्या कपात असते. गाडीच्या रेडिएटरमधून दर आठवड्याला मूठभर निघते. रुईचा तंतू दिसला म्हणून कोणी थबकत नाही. ज्या माणसानं सगळी गाडी तळपायानं ऐकली, त्याच्या हाती चार महिन्यांपूर्वीच खूण आली होती आणि त्यानं ती फडक्यानं झटकली होती, कारण ती आमच्या डोळ्यांना दिसतच नाही.

"पण टाकीत गेली कशी?" मी विचारलं.

नत्थुजी गाडीच्या मागच्या बाजूला गेले. टाकीच्या तोंडावर रेक्झिनचा तुकडा सुतळीनं बांधलेला होता. पेट्रोलचोरीच्या भीतीनं बरेच ड्रायव्हर झाकणावर असं बांधत, म्हणून तो सगळ्यांनी पाहिला होता आणि कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी सुतळी सोडली. रेक्झिनखाली झाकण नव्हतंच. रुईचा घट्ट वळलेला, पातळ मलमलीत बांधलेला बोळा होता. मलमल झिजून फाटली होती.

आमच्या जिनात कुठलंही उघडं तोंड दिसलं की माणसाचा हात रुईकडे जातो. तेलाची बाटली, खिडकीची फट, दुखरा कान, सगळ्याला बोळा.

"झाकण बार्शीटाकळीच्या रस्त्यानं कुठं तरी पडलं, साहेब. पावसाळ्यात," नत्थुजी खालमानेनं म्हणाले. "मी अर्ज देल्ला होता."

मला आठवलं नाही. ऑफिसात येऊन फाईल काढली. १४ जुलै २००५ चा अर्ज होता. 'गाडीच्या पेट्रोल टाकीचे झाकण प्रवासात पडून हरवले आहे, तरी नवीन मिळावे ही विनंती.' त्याखाली लाल शाईनं माझा शेरा : 'जुने झाकण जमा केल्यानंतर विचार व्हावा.' खाली माझी सही, तारखेसह.

संध्याकाळी गॅरेजात परत गेलो. मिस्त्रींनी टाकी धुऊन बसवली होती आणि स्वतःजवळचं एक नवं झाकण तोंडावर लावलं होतं. मी अर्ज त्यांना दाखवला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांना हसू फुटलं. बराच वेळ ते हसत होते. मग एकदम गंभीर झाले.

"साहेब, बिलात बोळा लिहू नका. नत्थुजीचं नाव कपातीच्या यादीत हाय ना?"

होतं. अकरा जणांना कमी करण्याची यादी माझ्याच कपाटात होती आणि ड्रायव्हरच्या निष्काळजीपणानं गाडी चार महिने बिघडली हे कारण खुशालरावांना पुरलं असतं.

"मग काय लिहायचं?"

"लिहा, टाकीत कचरा होता. अय्युबनं उशिरा पाहिला."

"मग रविवारी तुमचं नाव जाईल."

"मी मिस्त्री हाओ. मी आधी मागं पाहाले पायजे होतं." त्यांनी हात पुसले. "त्याच्या घरी चार खाणारे हायेत. माह्या घरी दोघंच."

शुक्रवारी सकाळी खुशालराव अकोल्याला जाऊन आले; गाडी नीट चालली. मिस्त्रींना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "कचरा होता साहेब टाकीत. चूक माही." खुशालराव म्हणाले, "मंग तीन बिलं कायचे घेतले?" मी शेजारीच होतो. मिस्त्री नमाजाची वेळ झाली म्हणून गेले, आणि मी टेबलावर येऊन कमिटीच्या विषयपत्रिकेवर मिस्त्रींचं नाव खोडण्याचा चौथा विषय लिहिला. मग पेन ठेवलं, तो अर्ज उचलला आणि खुशालरावांच्या खोलीत गेलो.

त्यांनी अर्ज वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

"हरवलेलं झाकण जमा करा? हे कोणी लिहिलं?"

"मी."

"पडलेलं झाकण कुठून जमा करीन तो माणूस?"

"शेरा मारताना मी अर्ज पुरता वाचला नव्हता. रोजचा शेरा मारून मोकळा झालो. झाकण नव्हतं म्हणून त्यानं रुईचा बोळा बसवला आणि तीच रुई टाकीत गेली. तो दुसरं काय करणार होता? आणि गाडीसोबत ड्रायव्हरनं थांबायचं नाही हाही माझाच नियम. मिस्त्रींना कोणी काही सांगूच शकलं नाही."

मी पंचवीस वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. त्यांच्यासमोर माझी चूक असलेला कागद मी कधी ठेवला नव्हता.

"म्हंजे तुमच्या लाल शाईनं माही चाळणी केली म्हणा चार महिने," ते म्हणाले. अर्ज त्यांनी परत दिला. "तो चौथा विषय काढा. अन् हे कोणाले सांगू नका, लोकं हसतीन संस्थेले."

मिस्त्रींचं नाव यादीत राहिलं. नत्थुजींचं कपातीतून त्या वेळी निघालं; दोन वर्षांनी दुसरी यादी झाली तेव्हा त्यात आलं आणि राहिलं. ड्रायव्हरनं गॅरेजात थांबू नये हा नियम मी त्याच आठवड्यात रद्द केला. नंतर नत्थुजी तिथे स्टुलावर बसून तासभर गाडीचं गाऱ्हाणं सांगताना दिसत आणि मी तिकडे पाहत नसे.

अँबॅसिडर २००८ साली लिलावात गेली. आता जिन भाड्यानं दिलेलं आहे आणि संस्थेच्या दोन खोल्यांत मी आणि एक शिपाई असतो. मिस्त्री अजून त्याच शेडमध्ये मोटरसायकली दुरुस्त करतात. स्टूल तेच आहे. गेल्या महिन्यात माझी स्कूटर घेऊन गेलो, तर आधी म्हणाले, "बसा. सांगा, काय म्हणते?"

त्या वेळी टाकी धुण्याची मजुरी त्यांनी लावली नाही. झाकणाचं बिल तेवढं दिलं. जुना भाग जमा नसल्यामुळे ते मंजूर करायला नियम शिथिल करण्याचा ठराव लागत होता. तो ठराव पाच सभांपुढे ठेवला. पाचही सभा कोरम नसल्यानं तहकूब झाल्या. मी खिशातून पैसे देऊ केले. "तुमच्या खिशातून घेतले तं ते बक्षीस झालं," मिस्त्री म्हणाले. "मी बक्षीस घेत नाई. संस्थेचं काम हाय, संस्था देईन." स्कूटरच्या वेळी पुन्हा विचारलं. तेच उत्तर मिळालं.

चार्जच्या यादीत, देणे रकमांच्या पानावर, अनुक्रमांक सातला मी नोंद केली आहे : अय्युब मिस्त्री, पेट्रोल टाकीचे झाकण एक नग, रुपये पंचेचाळीस, बाकी.